घाई लागली की पळायचं नाही, थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, माध्यमिक शाळेत शिक्षिका. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. गेलं वर्षभर लघवीची घाई इतकी अचानक होते की धरवत नाही. दिवसातून १४-१५ वेळा जावं लागतं, रात्री तीनदा उठावं लागतं आणि घराचं कुलूप उघडताना हमखास कपडे ओले होतात. लघवीची तपासणी, शुगर नॉर्मल. सोनोग्राफीतही लघवी करून आल्यावर आत फारशी उरत नाही असं दिसलं. डॉक्टरांच्या गोळीने थोडा फरक पडला, पण तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. व्हिडिओ बघून दोन महिने केगल, म्हणजे लघवी धरून ठेवणारे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, केले, उपयोग झाला नाही. फिजिओथेरपीने खरंच काही होतं का, गोळी बंद करू का, आणि दिवाळीनंतर नणंदा-जावांबरोबर अष्टविनायकाच्या बसने जायचं ठरलंय, त्याला नाही म्हणून कळवू का?

ताई, नाही म्हणून कळवू नका. दिवाळीला अजून साडेतीन महिने आहेत आणि या कामाला तेवढे पुरतात.

तुम्ही लिहिलंय ते ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरचं, म्हणजे उतावीळ झालेल्या मूत्राशयाचं, नेहमी दिसणारं चित्र आहे. यात फिजिओथेरपी हा सगळं करून थकल्यावरचा उपाय नाही, तो पहिला उपाय आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की घाईने लघवी सुटत असेल तर आधी किमान ६ आठवडे मूत्राशयाला वळण लावायचं, त्याने भागलं नाही तर औषधाकडे जायचं. आपल्याकडे बहुतेक बायका माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टपर्यंत पोचतात त्या गोळ्यांच्या दोन-तीन पट्ट्या संपवून, आणि त्याआधी दोन-चार वर्षं कुणाला न सांगता काढून. तुम्ही वर्षभरात विचारलंत हे फार बरं केलंत.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे पुढे सांगते ते का करायचं हे पटेल. मूत्राशय ही स्नायूची पिशवी आहे. साधारण दीडशे-दोनशे मिली लघवी साठली की ती पहिली सूचना देते. मेंदू म्हणतो, कळलं, थांब. मग पिशवी सैल राहून आणखी भरत जाते आणि चारशे-पाचशे मिलीपर्यंत बहुतेकांना नीट धरवतं. जागेपणी सात-आठ वेळा जाणं यात काही वावगं नाही. तुमच्या बाबतीत पिशवी पुरती भरण्याआधीच तिचा स्नायू आवळायला लागतो आणि मेंदूचं ‘थांब’ तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सूचना न येता एकदम हुकूमच येतो. लघवी मात्र त्या वेळी शंभर-सव्वाशे मिलीच असते. पुढच्या वेळी मापून बघा. एवढ्या घाईने गेले आणि आलं एवढंसंच, हे प्रत्येकीला पहिल्यांदा मापल्यावरच कळतं.

आता कुलपाचं. चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं, तसंच हे आहे. वर्षानुवर्षं शाळेतून आलं की पर्स टाकायची आणि आधी बाथरूम गाठायचं, या सवयीने मूत्राशयाने किल्लीची आणि लघवीची गाठ मारून ठेवली आहे. कुणाला नळाचं पाणी ऐकलं की होतं, कुणाला भांडी घासताना, कुणाला रिक्षा गल्लीत वळली की. या गोष्टी ऐकून घरचे हसतात, म्हणून बायका सांगत नाहीत. पण हा मनाचा खेळ नाही, शरीराला लागलेली सवय आहे, आणि लागलेली सवय सोडवता येते.

आणि ही सवय घट्ट होते ती पळण्याने. घाई आली की आपण उठून धावतो. धावताना पोटातला दाब वाढतो, खालचे स्नायू पावलागणिक हादरतात आणि बाथरूमचं दार दिसलं की घाई दुप्पट होते. म्हणजे ज्या क्षणी आधाराची सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी आपण तो काढून घेतो. शिवाय मूत्राशय शिकतं की आपण हाक मारली की बाई लगेच उठते. मग ते आणखी लवकर हाक मारायला लागतं. बाहेर पडताना लागलेली नसतानाही ‘जाऊन येते एकदा’ म्हणून जाणं, हेसुद्धा त्याच जातीचं. कधीमधी केलं तर बिघडत नाही, पण दिवसातून पाच वेळा केलं की पिशवी अर्धीच भरायला शिकते.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: घाई आली की पळायचं नाही, थांबायचं. जिथे असाल तिथे. खुर्ची असेल तर बसा, नाहीतर भिंतीला किंवा बाकाला हात टेकून उभ्या राहा. गॅस अडवताना जसं मागचं द्वार आत ओढतो, तसं मागून पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आत आणि वर उचला आणि सोडा. एकेका सेकंदाचे असे पाच-सहा झटके द्या. जोर लावून तोंड लाल करायचं नाही, श्वास चालू ठेवायचा. उभं असाल तर टाचा पाच-सहा वेळा उचला, बसला असाल तर पायाची बोटं चपलेत आवळा. त्याच वेळी डोक्याला दुसरं काम द्या. शंभरातून सात-सात वजा करत या, वर्गातल्या मुलांची हजेरी मनात म्हणा, काहीही.

आणि वाट बघा. घाई समुद्राच्या लाटेसारखी चढते, माथ्यावर येते आणि ओसरते. बहुतेक वेळा मिनिटाभरात. लाट माथ्यावर असताना पळालात तर वाटेत भिजाल. ओसरल्यावर नेहमीच्या चालीने चालत गेलात तर कोरड्या पोचाल, आणि पुष्कळदा तेव्हा जायची गरजच वाटत नाही. खालचे स्नायू नीट आवळले गेले की मज्जारज्जूतून मूत्राशयाच्या स्नायूला सैल व्हायचा निरोप जातो. ही शरीराची जन्मजात सोय आहे, आपण ती जाणूनबुजून वापरतो एवढंच.

पहिल्या आठवड्यात हे दहातून तीनदा जमेल. सुरुवात घरी करा, बाथरूम जवळ असताना, सुटीच्या दिवशी, पॅड लावून. कुलपाचा सराव तर मुद्दाम करायचा. घाई नसताना बाहेर जा, दार लावा, किल्ली घाला, उघडा, आत या आणि बाथरूमला न जाता पाच मिनिटं कोचावर बसा. दिवसातून चार-पाच वेळा. मग शाळेतून आल्यावर दाराशी पोचण्याआधी, जिन्याच्या खालीच थांबून झटके द्या आणि वर या. चिंच आणि पाणी यांची गाठ अशीच सुटते.

केगलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमचे दोन महिने वाया गेले यात तुमची चूक नाही. अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा बाळंतपणानंतर सैल झालेले स्नायू बळकट करणं हा हेतू होता, आणि व्यायाम बरोबर होतोय का हे मोजायला ते एक छोटं दाबमापक यंत्र वापरत. पुढे जगभर व्यायाम पसरला, पण तपासणं मागे राहिलं. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ बायकांना फक्त तोंडी सूचना देऊन केगल करायला लावलं आणि मोजलं. ४९ टक्के बायकांनाच ते नीट जमलं, आणि २५ टक्के अशा पद्धतीने करत होत्या की त्याने लघवी सुटणं उलट वाढावं. उचलायच्या ऐवजी त्या खाली ढकलत होत्या. माझ्याकडेही हे रोज दिसतं. कुणी कुल्ले आवळते, कुणी मांड्या, कुणी श्वास कोंडून पोट आत घेते. मी नवी होते तेव्हा मीही छापील कागद हातात देऊन बायकांना घरी पाठवत असे. आता तपासल्याशिवाय एकीलाही केगल सांगत नाही.

तपासणी म्हणजे काय, तर तुमची परवानगी घेऊन, पडद्याआड, एक बोट आत ठेवून स्नायू किती आवळतो, किती वेळ टिकतो आणि, हे विसरलं जातं, पूर्ण सैल सुटतो का, हे बघणं. काही जणींचे स्नायू ढिले नसतात, सदानकदा ताठरलेले असतात. वर्षभर गळतीच्या भीतीने आवळून राहिलेल्या बाईचं असं होतंच. तिला आणखी आवळायला लावलं तर घाई वाढते. तिला आधी पोटातून सावकाश श्वास घ्यायला आणि खालचं सगळं सोडून द्यायला शिकवावं लागतं. तुम्ही कोणत्या गटात आहात हे मला इथून सांगता येणार नाही. म्हणून पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे या खालच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवा. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना नाव विचारा, किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या फिजिओथेरपी विभागात चौकशी करा. आतून तपासून घ्यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. बाहेरून हात ठेवून किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर बघूनही पुष्कळ कळतं.

स्नायू ढिले निघाले तर रोजचा व्यायाम असा: आत-वर उचलून सहा ते दहा सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा, असे आठ-दहा. मग दहा झटपट. दिवसातून तीनदा, तीन महिने. लघवी करताना धार मध्येच अडवून व्यायाम करू नका, त्याने पिशवी नीट रिकामी व्हायची सवय बिघडते.

आता वळण लावण्याचं वेळापत्रक. आधी तीन दिवस वही ठेवा. त्यातला एक दिवस शाळेचा आणि एक सुटीचा हवा. किती वाजता गेलात, किती मिली, घाई किती होती, कपडे ओले झाले का, आणि काय किती प्यायलात, एवढंच लिहा. मापायला स्वयंपाकघरातला जुना मापाचा प्लास्टिकचा मग वेगळा काढून ठेवा. समजा वहीत दिसलं की तुम्ही साधारण ४५ मिनिटांनी जाता. मग पहिला आठवडा दर ४५ मिनिटांनी जायचं, लागली असो वा नसो, आणि मधे घाई आली तर वर सांगितलेली युक्ती करून वेळ काढायचा. आठवडा बरा गेला की १५ मिनिटं वाढवा. जमलं नाही तर त्याच पायरीवर आणखी एक आठवडा थांबा. अडीच-तीन तासांवर पोचलात की काम झालं. तुमच्याकडे शाळेची घंटा आहे, त्याहून चांगलं घड्याळ नाही. आधी दर तासिकेनंतर, मग दीड तासिकेचा पल्ला, मग दोन. वर्गात बसून शिकवायला संकोचू नका, मुख्याध्यापकांना ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं पुरतं. रात्री हे वेळापत्रक पाळायचं नाही, झोप मोडून वळण लावण्यात अर्थ नाही.

तुमची वही न बघताही मला एक गोष्ट जवळजवळ ठाऊक आहे, कारण शिक्षिकांची वही बहुतेक अशीच निघते. सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही, कारण शाळेतलं स्वच्छतागृह. त्या वेळात दोन-तीन चहा मात्र झालेले. मग संध्याकाळी घरी येऊन लिटरभर पाणी. याने दोन्हीकडून नुकसान होतं. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला झोंबते, पोटही कडक होतं, आणि भरलेलं आतडं पिशवीवर रेलतं. दिवसाला दीड ते दोन लिटर, सकाळ-दुपारमध्ये वाटून, संध्याकाळी सातनंतर फक्त घोटापुरतं. उन्हाळ्यात थोडं जास्त. लघवीचा रंग फिका पिवळा दिसला की प्रमाण बरोबर. चहा-कॉफीतलं कॅफीन लघवीचं प्रमाणही वाढवतं आणि घाईही. एकदम सोडलात तर डोकं दुखेल, म्हणून तीन दिवसांनी एक कप या हिशेबाने दोनवर या. शिंकताना, खोकतानाही थेंब सुटत असतील आणि वजन वाढलेलं असेल तर तेही थोडं उतरवा. त्या प्रकारच्या गळतीत वजन कमी केल्याचा फायदा लवकर दिसतो.

रात्रीच्या तीन वेळांचं कारण वेगळं असू शकतं. दिवसभर उभं राहून पाय सुजत असतील तर आडवं झाल्यावर ते पाणी रक्तात परततं आणि लघवी होऊन बाहेर येतं. संध्याकाळी पाय उशीवर वर घेऊन अर्धा-पाऊण तास पडा. दिवसरात्रीच्या एकूण लघवीतली एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच होत असेल, किंवा मोठ्याने घोरत असाल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. हे मूत्राशयाच्या वळणाने सुटणारं नाही.

गोळीबद्दल. मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना तोंडाचं आणि पोटाचं सांगा. तसा त्रास कमी असणारं वेगळ्या गटातलं औषधही आहे, त्याला रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी होते, त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम तुम्हाला चालेल का हेही विचारा. पण गोळी म्हणजेच खरा उपचार आणि आमचं काम म्हणजे जोडीला काहीतरी, असं समजू नका. १९९८ मध्ये अमेरिकेत ५५ वर्षांवरच्या १९७ बायकांवर झालेला एक अभ्यास आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. घाई अडवायला आणि स्नायू वापरायला शिकवलेल्या गटात लघवी सुटण्याच्या वेळा सरासरी ८१ टक्क्यांनी घटल्या, औषधाच्या गटात ६९ टक्क्यांनी, आणि औषध नसलेली गोळी दिलेल्या गटात ३९ टक्क्यांनी. दोन्ही जोडीने चालू ठेवायलाही हरकत नसते. तीन महिन्यांनी डॉक्टरांबरोबर बसून गोळी कमी करता येते का ते बघायचं.

एवढं करून आठ-दहा आठवड्यांत पुरेसा फरक दिसला नाही तर घोट्याजवळच्या नसेला सौम्य विद्युत उत्तेजन देतो. पायाच्या आतल्या बाजूच्या घोट्यामागून जाणारी ही नस कण्याच्या तळाशी जिथे पोचते, तिथूनच मूत्राशयाच्याही नसा निघतात. बारीक सुईने आठवड्यातून एकदा अर्धा तास, असं १२ आठवडे देतात. २०१० च्या एका चाचणीत २२० जणांपैकी निम्म्यांना ही सुई आणि निम्म्यांना खोटा उपचार दिला. सुईच्या गटात सुमारे ५५ टक्क्यांना चांगला फरक पडला, दुसऱ्यात २१ टक्क्यांना. सुईऐवजी चिकटपट्ट्या लावून टेन्स मशीनवरही, म्हणजे त्वचेवरून सौम्य विद्युत उत्तेजन देणाऱ्या छोट्या यंत्रावरही, करता येतं, आणि एकदा शिकवलं की घरी टीव्ही बघताना होतं. पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मात्र नाही.

काही लक्षणं आली तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. लघवीतून रक्त, ताप, उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, लागूनही लघवी न होणं. आणि बसायच्या जागेला बधिरपणा किंवा पायांत एकदम अशक्तपणा आला तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर न टाकता. घरातल्या पुरुषांना अशी घाई होत असेल तर आधी प्रोस्टेट तपासून घ्यायला सांगा. थांबण्याची युक्ती त्यांनाही तशीच लागू पडते.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं मूत्राशय बिघडायला त्यांची जागा कारणीभूत असते. दिवसभर धरून ठेवायचं, पाणी प्यायचं नाही, मिळालं स्वच्छतागृह की लागलेली नसतानाही जाऊन घ्यायचं, आणि तिथेही बसायची किळस म्हणून अधांतरी ओणवं राहून करायचं, ज्यात खालचे स्नायू सुटतच नाहीत. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून बायकांसाठी स्वच्छ आणि फुकट मुताऱ्या मागणारी चळवळ चालली, ती आमच्या दृष्टीने आरोग्याचीच चळवळ आहे. तुमच्या शाळेत शिक्षिकांसाठी आणि मुलींसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर सगळ्या मिळून मागा. कमोड असेल तर टॉयलेट पेपर पसरून का होईना पण टेकून बसा.

आता अष्टविनायक. दोन महिन्यांनी तुम्ही दोन-सव्वादोन तासांवर आला असाल असं मी धरते, आणि पुण्याहून मोरगावचा पल्ला त्यात बसतो. बसच्या चालकाला आधीच सांगून दर दोन तासांनी थांबा ठरवा. बसमध्ये अशी कुणीतरी आणखी असतेच, तिलाही बरं वाटेल. जागा पुढची घ्या, म्हणजे हादरे कमी आणि उतरायला सोपं. निघायच्या दिवशी सकाळी एकच चहा. पाणी बंद नको, तासाला अर्धा पेला घोट-घोट. लघवीसाठीचे पॅड घ्या, पाळीचे नकोत, ते एवढं शोषत नाहीत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मधे घाई आली तर कठड्याला धरून थांबा, टाचा उचला, लाट जाऊ द्या, नणंद पुढे गेली तरी जाऊ द्या. आणि त्याआधी या शनिवारपासून वही सुरू करा, पहिला आकडा सकाळी उठल्याउठल्याचा.